संपादन, अनुवाद की स्वतःचे लेख? निवृत्तीआधी कोणतं काम हाती घ्यावं?

पाठभेद

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. निवृत्ती जवळ आली आहे. डोळे साथ देताहेत तोवर एक मोठं काम तडीस नेता येईल, दोन नाही. म्हणून इथे विचारते आहे.

पन्हाळ्याच्या बाजूच्या एका घराण्याने त्यांच्याकडचा मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं, माझ्या हवाली केला आहे. बरेचसे कागद १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीच्या, बंडाच्या आगेमागचे आहेत. पत्रं, याद्या, धान्याचे हिशेब, एकदोन करिने, म्हणजे हकिकती. हे सगळं वाचायचं, देवनागरीत उतरवायचं, तारखा लावायच्या, टीपा द्यायच्या, व्यक्तींची आणि गावांची सूची करायची. एक काम हे.

दुसरं काम म्हणजे माझ्या जुन्या प्रबंधातून तीन-चार इंग्रजी लेख काढून चांगल्या जर्नलांकडे पाठवणं.

विभागातले सहकारी एकमुखाने दुसऱ्या कामाच्या बाजूचे आहेत आणि त्यांचं कारण प्राध्यापकांच्या शोधकामाला मिळणाऱ्या गुणांचं आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीतला तक्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : मानव्यविद्या शाखेत एका शोधनिबंधाला १० गुण. अख्ख्या पुस्तकाच्या अनुवादाला ८. एका प्रकरणाच्या अनुवादाला ३. राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाच्या संपादकाला ८. यातही 'संपादक' हा रकाना एकच. चर्चासत्रातले निबंध गोळा करून छापायला देणारा आणि वर्षानुवर्षं दप्तरं चाळून साधनं सिद्ध करणारा, दोघे त्याच रकान्यात बसतात.

मला हे मनापासून चुकीचं वाटतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, पुढे बावीस खंड झाले. त्यांच्या प्रस्तावनांतली कितीतरी मतं आज कुणी स्वीकारत नाही. त्यांनी छापलेली पत्रं मात्र अजूनही लागतात. माझं मत मी लपवत नाही : वाचन, संपादन आणि अनुवाद ही विद्वत्तेची मूळ कामं आहेत, आणि आपल्या विद्यापीठीय जगाने त्यांना दुय्यम ठरवून ठेवलं आहे.

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय निवडलं असतं? छापखान्यातली, ग्रंथालयातली, अनुवाद करणारी सगळी मंडळी बोला.

नाद_खुळा

मॅडम, साधा प्रश्न विचारतो, राग मानू नका. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे धान्याचे हिशेब वाचणार कोण?

मोडीवाली

@नाद_खुळा, मी वाचणार. गडावर नाचणी किती खंडी होती, भात किती, मीठ किती, हे कळलं की वेढा पडल्यावर आतली माणसं किती दिवस तग धरू शकली असती याचा अंदाज येतो. लढाईची वर्णनं पुष्कळ सापडतात, कोठाराची यादी क्वचित.

पाठभेद मॅडम, मी इथल्या पुराभिलेखागारात नेमाने बसते. संपादन म्हणजे नुसती नक्कल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तारखेचं एकच उदाहरण देते.

तुमच्या कागदांवर 'सन खमस आर्बैन मयातैन व अलफ' असं कुठेतरी असणारच. खमस पाच, आर्बैन चाळीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन, जुन्या मराठी कागदांत चालणारी कालगणना, १२४५. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवतात, पण ते मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. आता याच १२४५ सालातली दोन पत्रं घ्या. एकावर रजब महिना, दुसऱ्यावर मोहरम. रजब येतो जुलै-ऑगस्ट १८४४ मध्ये, म्हणजे बंड पेटायच्या सुमारास. मोहरम येतो जानेवारी-फेब्रुवारी १८४५ मध्ये, तोवर पन्हाळा इंग्रजांनी घेतलेला असतो. दोन्हींना डोळे मिटून ५९९ लावले की मोहरमचं पत्र जानेवारी १८४४ चं होऊन बसतं, आणि किल्ला पडल्यावर 'आम्हांस सांभाळून घ्यावे' असं लिहिणारा माणूस बंडाच्या पाच-सहा महिने आधीपासूनच इंग्रजांना सामील होता असा पुरावा तयार होतो. पुढे त्यावर कुणीतरी लेख लिहितो आणि त्या लेखाला दहा गुण मिळतात.

जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांचा मेळ दाखवणारं कोष्टक, उघडून तो महिना तपासणारा माणूस संशोधन करत नाही असं कुणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

बेळगावकर

मोडीवाली ताई, हे वाचून अंगावर काटा आला. असे चुकीचे साल लावलेले कागद छापून गेलेले असतीलच की.

मोडीवाली

असतात. म्हणून तर मूळ कागदाचा फोटो शेजारी असावा असा माझा आग्रह असतो.

रेणुसूत्र

मी रसायनशास्त्र शिकवतो. मला वेगळं मत मांडू द्या.

आमच्याकडे निरीक्षणं नोंदवणं आणि त्यातून काही सिद्ध करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नोंदी कितीही काटेकोर असल्या तरी 'यातून काय निघालं?' हा प्रश्न उरतोच. मॅडमनी रुमाल छापला आणि निष्कर्ष दुसऱ्याने काढला तर श्रेय दुसऱ्याला जाणार, आणि ते मला अन्यायाचं वाटत नाही. अनुवादाचंही तसंच. दुसऱ्याने शोधलेलं आपल्या भाषेत आणणं हे समाजोपयोगी काम आहे, पण नवं ज्ञान त्यात तयार होत नाही.

शिवाय भाषेचा मुद्दा. इंग्रजीत लिहिलेलं दूरवर पोहोचतं. २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून सरकारी संस्थांना तेराएक हजार जर्नलं खुली झाली आहेत, तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातला मुलगा ती उघडू शकतो. रुमालात काही नवं असेल तर ते मराठीत पुरून ठेवू नका. इंग्रजी लेख लिहा, माझं मत स्पष्ट आहे.

पाठभेद

सर, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. दोन मुद्द्यांवर माझं जुळत नाही.

मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्याला मराठी यावंच लागतं, मग तो कागलचा असो की केंब्रिजचा. माझे कागद मराठीत छापले म्हणून त्याच्यापासून लपत नाहीत. उलट साधनं मराठीत असली तर माझ्या वर्गातली, गारगोटी-चंदगडकडून येणारी मुलं ती वाचू शकतात. त्यांच्या पणज्याच्या गावाचं नाव त्यात असतं.

अनुवादात नवं ज्ञान नसतं, हे तर मी अजिबात मानणार नाही. मराठ्यांवरचं एखादं इंग्रजी पुस्तक मराठीत आणायला घ्या. लेखकाने पेशवे दफ्तरातलं पत्र इंग्रजीत उद्धृत केलेलं असतं. अनुवादकाने ते इंग्रजीवरून पुन्हा मराठीत केलं तर अठराव्या शतकातल्या कारकुनाच्या तोंडी आजच्या वर्तमानपत्राची भाषा येते. म्हणून मूळ पत्र शोधावं लागतं. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्या दफ्तरातून १९३० ते १९३४ या काळात काढलेल्या पंचेचाळीस खंडांपैकी कुठला, कितवं पत्र, हे पाहावं लागतं. आणि मूळ पत्र समोर आलं की बरेचदा दिसतं की इंग्रजी लेखकाने मधली दोन वाक्यं गाळली आहेत, किंवा 'म्हणतात' हा शब्द सोडून ऐकीव बातमी पक्की करून टाकली आहे. पुस्तकाची इतकी कसून तपासणी अनुवादकाखेरीज कोण करतं? परीक्षण लिहिणारा इतकं खोल जात नाही, जाऊ शकत नाही.

नवा_गडी

मी पीएचडी करतोय, म्हणून थोडं आमच्या बाजूचं सांगतो.

नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती काढून टाकली. प्रत्यक्षात 'दोन तरी असू देत, मुलाखतीला लागतील' हे सगळीकडे ऐकायला मिळतं. मग पोरं काय करतात? मोबाईलवर मेसेज येतो : लेख पाठवा, पैसे भरा, दोन दिवसांत प्रमाणपत्र. खाली मोठ्या अक्षरात आयएसएसएन क्रमांक. मला फार उशिरा कुणीतरी समजावलं की आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, तो दर्जाची खूण नाही. पुस्तकांच्या आयएसबीएन क्रमांकाचं तेच. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो, पण माझ्या ओळखीच्या एकाकडून 'आयएसबीएन शुल्क' म्हणून वेगळे पैसे उकळले.

यूजीसीची मान्य जर्नलांची 'केअर' यादी होती तेव्हा निदान तिच्यात नाव बघता यायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली. आता चांगलं-वाईट ठरवायचं काम ज्याच्या त्याच्या विद्यापीठावर.

मुद्दा हा की माझा लेख छापला गेला आणि तो कुणीही वाचला नाही. छापणाऱ्यानेसुद्धा. तळटिपेत मी गाईडसाठी 'हा संदर्भ तपासायचा आहे' असं लिहून ठेवलं होतं, ते तसंच छापून आलं. मॅडम, तुम्ही आमच्यापैकी दोघांना शेजारी बसवून तो रुमाल वाचलात तर आम्ही जे शिकू ते अशा दहा लेखांत मिळणार नाही.

ग्रंथपाल_काका

पोरा, तू लिहिलंस ते वाचून जीव तुटला.

आता जरा जुनं सांगतो, कारण या धाग्यावर ते नाव यायलाच हवं. याच कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात, डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० पासून १९६२ पर्यंत अर्धमागधी शिकवत होते. गाव सदलगा, जन्म १९०६ चा. प्राकृतचे जागतिक दर्जाचे पंडित, आणि त्यांची कीर्ती कशावर उभी आहे? संपादनावर. १९३५ मध्ये त्यांनी कुंदकुंदाचार्यांचं प्रवचनसार संपादित केलं, त्याची इंग्रजी प्रस्तावना अभ्यासक आजही आधाराला घेतात. मग परमात्मप्रकाश, बृहत्कथाकोश, लीलावई. उद्द्योतनसूरीची कुवलयमाला तर मराठी माणसाने विसरू नये अशी. इ. स. ७७९ ला जालोरला लिहून पुरी झालेली ही प्राकृत कथा. तिच्यात देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचं वर्णन आहे आणि त्यात मरहट्टेही आहेत, कसे दिसतात, कसे बोलतात, सगळं. मराठीचं जुनेपण सांगताना सगळे तो उतारा देतात, पण तो ज्या छापील संहितेतून येतो ती कोल्हापुरात शिकवणाऱ्या प्राध्यापकाने सिद्ध केली हे फार थोडे सांगतात.

ती कशी सिद्ध केली तेही बघा. हाताशी दोन पोथ्या. एक पुण्याची कागदी, एक जैसलमेरची ताडपत्री. दोन्हींत पाठ जुळत नाहीत. संहितेचा भाग छापला १९५९ ला, आणि प्रस्तावना-टीपांचा दुसरा भाग आला १९७० ला. मधल्या अकरा वर्षांत कुणी त्यांना 'दुसरा भाग कधी?' असं विचारून गुण कापले नाहीत.

रेणुसूत्र सर, तुमचा मुद्दा समजला, पण कुठला पाठ मूळचा आणि कुठला लेखनिकाने घुसडलेला, हा निर्णय ओळीओळीला घ्यावा लागतो. तोच निष्कर्ष असतो. फक्त तो टिपेत असतो, मथळ्यात नाही.

बेळगावकर

सदलगा आमच्या चिक्कोडी तालुक्यातलं, हे अभिमानाने नोंदवतो :) कन्नड आणि मराठी दोन्हीकडचे लोक त्यांना आपलं म्हणतात, आणि दोघांचंही खरं आहे.

नाद_खुळा

काका, हे कॉलेजात असताना आम्हाला कुणी सांगितलं नाही ओ. रोज जुन्या राजाराम कॉलेजाच्या, त्या भवानी मंडपाजवळून गेलो.

गॅलीप्रूफ

मॅडम, आमी लक्ष्मीपुरीत डीटीपी करतोय, वडलांपासनं. आदी खिळे जुळवायचे, आता कॉम्प्युटर. छापखान्याच्या बाजूनं सांगतो, नीट ऐका, म्हंजे पुढं डोकं फिरणार न्हाई.

लेखक लोक श्रीलिपी ह्या जुन्या फाँटातली फाईल घेऊन येत्यात. पानं लावायच्या पेजमेकरला युनिकोड चालत न्हाई, म्हणून तसलीच फाईल वर्षानुवर्षं फिरत ऱ्हाती. मग कुणीतरी म्हणतंय युनिकोड करून द्या. कन्व्हर्टरमधनं काढली की पैला मार बसतो 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' असल्या शब्दांस्नी. त्यो आडवा र जातोय आन् वर रफार बसतोय, 'दुसर्या'. पैली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसती. सगळ्यात वाईट म्हंजे टीपा. हातानं चांदणी टाकून पानाच्या तळाला लिवलेल्या टीपा पान सरकलं की पोरक्या. टीप एका पानावर, चांदणी दुसऱ्या.

तवा सुरवातीपासनं युनिकोडात टाईप करा. टीपा वर्डच्या तळटिपेच्या सोयीतनंच टाका. सूची पानं पक्की झाल्याबिगर करू नका. आन् एक, प्रूफ एकट्यानं वाचू नका. एकानं मूळ कागद मोठ्यांदा वाचायचा, दुसऱ्यानं छापील बघायचं. डोळ्याला चुकलेलं कानाला सापडतंय.

सूचीवरनं प्रकाशक कुरकुर करणार, फर्मा वाढतोय म्हणून. फर्मा सोळा पानांचा. आमी म्हणतो एक फर्मा वाढला तर वाढू दे. सूची न्हाई त्ये इतिहासाचं पुस्तक म्हंजे पाट्या नसलेलं यष्टी स्टँड.

मोडीवाली

गॅलीप्रूफ दादा, तुमची शेवटची ओळ मी लिहून ठेवली.

मॅडम, एक वादाचा विषय आहे, तुमचं मत हवं. लिप्यंतरात शुद्धलेखन कोणतं ठेवणार? मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद बहुधा नसतोच, शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. मी आजच्या नियमांनी लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला अडत नाही.

ग्रंथपाल_काका

मला हे पटत नाही. आजचे नियम कालचे आहेत. १९६२ ला मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम आले, १९७२ ला आणखी चार, मिळून अठरा. ते १८४४ च्या कारकुनाला कशाला लावता? त्याने 'जाहाली' लिहिलं असेल तर 'झाली' करू नका. बोली कशी होती याचा तेवढाच पुरावा हाती असतो.

मोडीवाली

'जाहाली' मी बदलत नाही काका. फक्त वेलांट्या-उकार म्हणते आहे.

पाठभेद

काकांचं आणि तुमचं दोन्ही सांभाळता येतं. शब्दाचं रूप जसंच्या तसं, 'जाहाली' ला 'जाहाली'. ऱ्हस्व-दीर्घ मोडीत ठरत नाही तिथे आजचं. शब्द मी तोडणार, पण जिथे दोन प्रकारे तोडता येतं तिथे टीप देणार. फाटलेलं अक्षर चौकटी कंसात. आणि हे सगळं प्रस्तावनेत एका पानात स्पष्ट लिहायचं. संपादकाने काय केलं हे वाचकाला माहीत असलं की त्याला हवं तर तो मागे जाऊन तपासू शकतो. जुन्या छापील साधनांत बरेचदा हे एक पान नसतं, त्यामुळे कुठला अनुस्वार मूळचा आणि कुठला संपादकाचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

शब्दसेतू

उशिरा येतेय. मी इंग्रजी-मराठी अनुवाद करते, बहुतेक समाजशास्त्र आणि इतिहास.

मॅडम, अनुवादकाच्या तपासणीबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दशः अनुभवलं आहे. पण आमची व्यावहारिक बाजूही मांडते. विद्यापीठीय पुस्तकाचा अनुवाद म्हणजे मजकूर, टीपा, संदर्भसूची, विषयसूची. मोबदला ठरतो मजकुराच्या शब्दांवर. टीपांमधले शब्द धरायचे का, यावर मला एका प्रकाशकाशी महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागला. करार सही करण्याआधी वाचा : टीपा धरल्या आहेत का, मुखपृष्ठावर नाव येणार का, दुसऱ्या आवृत्तीला काय मिळणार. तोंडी 'बघू' वर काम सुरू करू नका.

कायद्याचं थोडं. लेखक वारल्यावर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं हक्क राहतात. म्हणजे १९६० मध्ये वारलेल्याचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून खुलं. त्याआधी परवानगी लागते. आणि स्वामित्वहक्क कायद्यात कलम ३२ आहे, पुस्तक पहिल्यांदा प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली आणि त्या भाषेत अनुवाद निघाला नसेल तर अनुवादाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. फार कमी लोकांना माहीत असतं.

आणि अनुवादाने काय होतं हे बघायला कोल्हापूरच्या बाहेर जायला नको. खांडेकर इथे बसून लिहीत होते आणि तमिळनाडूत घराघरात वाचले जात होते. ते झालं का. श्री. श्री. यांच्या तमिळ अनुवादांमुळे. विद्यापीठात खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे, तिथे गेलात तर या अनुवादकाची आठवण काढा.

नाद_खुळा

शब्दसेतू ताई, कलम ३२ ची माहिती भारी. सेव्ह केली.

थोडं विषयांतर. रुमाल पन्हाळ्याकडचा म्हणताय म्हणून वाचला असेल. आमच्या मामाचं घर पंचगंगेच्या काठाला, २०१९ च्या पुरात तळमजला गेला. घरात एक लाकडी पेटी होती, तिच्यातले कागद मामानं गच्चीवर उन्हात वाळत घातले. आता ते पापडासारखे झालेत, हात लावला की तुटतात.

ग्रंथपाल_काका

अरेरे. उन्हात कधीही घालायचे नसतात. भिजलेले कागद सावलीत, पंख्याखाली, मधे टीपकागद किंवा साधा कोरा कागद घालून आणि तो वरचेवर बदलून वाळवायचे. चिकटलेली पानं ओली असताना ओढून सोडवायची नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. एकदम फार कागद भिजले आणि हाताशी माणसं नसली तर ते गोठवून ठेवतात आणि नंतर सवडीने वाळवतात, पण त्याला जाणकार हवा. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा लोक थोडे सावध होते, वरच्या मजल्यावर हलवलं होतं.

नवा_गडी

काकांची ही पोस्ट जूनच्या आधी दरवर्षी वर काढली पाहिजे.

रेणुसूत्र

मी सगळा धागा वाचला. शुहूर सनाचं उदाहरण मला मान्य. तिथे चूक झाली तर पुढची सगळी मांडणी कोसळते, म्हणजे तो निर्णय ज्ञानाचाच भाग आहे. त्यामुळे 'नुसती नोंद' हे माझं विधान मागे घेतो. मजकुराच्या अनुवादाबद्दल मात्र माझी शंका कायम आहे. प्रत्येक अनुवादक मूळ पत्र शोधत बसत नाही. बहुतेकांना तेवढा वेळही दिला जात नाही. मग सरसकट गुण कसे द्यायचे?

आमच्याकडची एक पद्धत उपयोगी पडेल म्हणून सांगतो. स्फटिकांच्या रचना १९६५ पासून केंब्रिजच्या एका संचात जमा होतात. प्रत्येक रचनेला स्वतःचा क्रमांक असतो, लेख कुणाचाही असो, ज्याने रचना काढली त्याचा उल्लेख करावाच लागतो. मॅडमनी लिप्यंतर आणि कागदांचे फोटो ऑनलाइन ठेवले आणि त्याला डीओआय, म्हणजे ऑनलाइन मजकुराचा कायमचा ओळख क्रमांक, घेतला तर पुढे जो कुणी ते पत्र वापरेल त्याला त्यांचं नाव द्यावं लागेल. पुस्तक निघेपर्यंत थांबायची गरज नाही.

शब्दसेतू

सर, 'वेळ दिला जात नाही' हे अगदी खरं, आणि त्यावर उपाय गुण कमी करणं हा नाही. अनुवादाबरोबर अनुवादकाच्या टीपा मागा. मूळ उताऱ्यांचे संदर्भ दिलेत का, हे परीक्षकाने पाहावं. ज्याने शोधले त्याचं काम अर्ध्या तासात दिसतं.

गॅलीप्रूफ

ऑनलाइन ठेवा, पर छापा पन. मुलाकडनं पेन ड्राईव्ह गेलाय हरवून, आमच्या वडलांनी छापलेली पुस्तकं अजून कपाटात हायत.

पाठभेद

सगळ्यांची उत्तरं शांतपणे वाचली. रुमालाचंच काम करायचं ठरवलं आहे.

कसं, ते सांगते. रेणुसूत्र सरांचा डीओआयचा मुद्दा उचलते. पहिल्यांदा फोटो आणि लिप्यंतर, तारखांसकट, ऑनलाइन. उपाध्ये सरांसारखं संहिता आधी आणि टीपा-प्रस्तावना मागाहून असं केलं तर टीपांच्या मागे लागून कागद अडून राहणार नाहीत. घराण्याची लेखी परवानगी घेतली आहे, त्यात ऑनलाइनचा उल्लेख नाही, तो घालून घेईन. नवा_गडी, तुम्ही आणि तुमच्यासारखा आणखी एक कुणी असेल तर या. अट एवढीच की मोडी रोज वाचायची. आणि मुखपृष्ठावर तुमची नावं येतील, आभाराच्या पानात नाही.

इंग्रजी लेखांपैकी एक तरी लिहीनच. तो या कागदांवरच असेल.

मोडीवाली, तुम्ही जंत्री कुठली वापरता? माझ्याकडची शेवटची पानं गेली आहेत.

मोडीवाली

माझ्याकडे दोन आहेत, एक देते. बुधवारी पुराभिलेखागारात असते, तिथेच या. रजब-मोहरमची पत्रं घेऊन या, दोघी मिळून लावू.

नवा_गडी

मॅडम, मी येतो. माझा मित्रही येईल, त्याची मोडी माझ्यापेक्षा चांगली आहे.

नाद_खुळा

मोडीवाली ताई, मामाच्या पेटीतले ते तुटके कागद. काहींवर अक्षरं दिसतात अजून. फोटो टाकू का इथे?

मोडीवाली

टाका, पण आधी एवढं करा. कागद उलगडायचा प्रयत्न करू नका, आहे तसा सपाट जागेवर ठेवा. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईल बरोबर वरून धरा. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. पाठपोट दोन्ही बाजू घ्या, मागे बहुतेक वेळा पावल्याचा शेरा किंवा तारीख असते. तुटलेले तुकडे फेकू नका, ज्या कागदाचे त्याच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलने क्रमांक घाला.